आगाऊ सत्कार

शाल परबने आणली होती की सावंतने, हे मला आता नक्की आठवत नाही. चुकलो तर टोका. पण घाटकोपरच्या पालिका रुग्णालयात डायलिसिस सुरू व्हावं म्हणून आम्ही तिघे आणि सावंतची बायको आमदारांकडे गेलो होतो, एवढं खरं. वहिनींना डायलिसिससाठी मुलुंडपर्यंत रिक्षाने जावं लागायचं आणि परत आल्या की दिवसभर उठवत नसे. आमदारांनी अधिवेशनात मागणी मांडावी, इतकंच हवं होतं.

"आधी सत्कार करू," परब म्हणाला. "शाल-श्रीफळ घेतलं की माणूस शब्दात अडकतो."

"कामाआधीच?" मी भीतभीत विचारलं.

"प्रोफेसर, तू गप्प बस ना यार."

आमदारांना शाल वहिनींनीच घातली. फोटो निघाला. लगेच चौकात बॅनर लागला: डायलिसिस केंद्राबद्दल आमदारांचा रुग्णांतर्फे सत्कार.

वहिनींनी तो रिक्षातून पाहिला. "केंद्र झालं ना? मग मला मुलुंडला कशाला नेताय?"

अधिवेशन संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. "आता अजून काय, काका?" आमदारांचा पीए म्हणाला. "तुम्हीच तर आभार मानून गेलात."

वहिनी त्याच वर्षी गेल्या. कित्येक वर्षांनी आरोग्य खात्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून तेव्हा काय झालं होतं याची मी खात्री करून घेतली. त्या अधिवेशनाच्या वेळी झालेल्या खात्याच्या बैठकीत घाटकोपरचा विषय अधिकाऱ्यांनीच काढला होता. आमदार म्हणाले, "आमच्याकडे लोक समाधानी आहेत," आणि मोबाइलवर वहिनींचा शाल घालतानाचा फोटो दाखवला.