शेवटचा आल्याशिवाय पाणी नाही

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या. सतरंजीवर जागा आहे.

तालमीचा हा हॉल भरलाय. आज इथे पेठेतली माणसं आहेत, फुटबॉलची पोरं आहेत, यासीनचे दोघे भाऊ आहेत. वहिनी घरी आहेत, त्यांच्या वतीने लेक शबाना आली आहे. वर्तमानपत्रात रोज दुसऱ्यांचा मजकूर वेळेत नीटनेटका करून छापायला देणं हे माझं काम. यासीनबद्दल चार ओळी लिहायला बसलो, तर एक ओळ धड होईना. म्हणून कागद खिशातच ठेवतो आणि बोलतो.

यासीन टेलर म्हणून तुम्ही सगळे त्याला ओळखता. निम्म्या पेठेच्या पँटी त्याने शिवल्या. गेल्या शुक्रवारी मशीनवर बसल्या बसल्या तो गेला. मला सांगायचंय ते सायकलवरच्या यासीनबद्दल.

आम्ही चौघं. यासीन, दत्ता, बाळू आणि मी. पाऊस संपला की दर रविवारी आमची फेरी निघायची. पंचगंगेचा पूल ओलांडायचा, केर्लीला उजवीकडे वळायचं, जोतिबाचा डोंगर चढायचा. मग गिरोलीच्या बाजूने खडीवरून ब्रेक दाबत उतरायचं, वाघबीळला रस्ता गाठायचा आणि लगेच पन्हाळ्याचा चढ. तिथून परत घरी. सायकली साध्या, काळ्या, चोवीस इंची. दूध घालायला वापरतात तसल्या. अर्ध्या चढात मांड्या भरून यायच्या आणि गिरोलीच्या उतारावर ब्रेकच्या रबराचा वास यायचा. अजून कुठे जळक्या रबराचा वास आला की मला घरी बसवत नाही.

पाण्याची बाटली एकच, यासीनची. जुन्या बाजारातून आणलेली मिलिटरीची बाटली. तिला खाकी कापडाची पिशवी त्यानेच शिवली होती, खांद्याला पट्टा लावून. आणि नियमही त्यानेच घातला होता. शेवटचा आल्याशिवाय पाणी नाही. वर कुणी कितीही आधी पोचू दे, घसा कितीही कोरडा पडू दे, शेवटचा माणूस वर आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

आणि शेवटचा कोण असायचा, हे सांगायला नको. रात्रपाळी करून आलेला मी.

वळणावरून मी मान वर करायचो. तो दिसायचा. एक हात सीटवर, बाटली खांद्याला, नजर खाली रस्त्याकडे. तिथूनच हाक मारायचा, "सावकाश या, घाई न्हाय." मी धापा टाकत पोचलो की दत्ताला म्हणायचा, "आला बग अंक. उशिरा आला, पर आला की." आणि मग पहिला घोट मला. स्वतः नंतर. इतकी वर्षं. चढ मला कधीच आवडला नाही, मंडळी. मी वर जायचो ते तो वर उभा असायचा म्हणून.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याला चढ बंद केला. तरी रविवारी सायकल घेऊन हजर. केर्लीपर्यंत आला आणि चहावाल्या मामांच्या टपरीसमोर बाकड्यावर बसला. म्हणाला, "तुमी जावा. मी हितं हाय."

आम्ही निघालो. जोतिबावर पोचलो तेव्हा ध्यानात आलं, बाटली त्याच्याच खांद्याला राहिली.

आता वर पाण्याला काय तोटा? एका घरातल्या मावशी तांब्या भरून घेऊन बाहेर आल्या. बाळूने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. म्हणाला, "शेवटचा कुठं आलाय अजून?" मावशींना काही कळेना. त्या म्हणाल्या, "उपास हाय काय रं तुमचा?" आम्ही तसेच गिरोलीकडे उतरलो. पन्हाळ्यावर झुणका-भाकरी मागवली. ठेच्याने दत्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "ताक चालतंय की. ताक म्हंजे काय पाणी न्हवं." बाळू म्हणाला, "मग ताकात काय रॉकेल असतंय व्हय?" झालं. ताकही राहिलं.

केर्लीला परत आलो, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. यासीन बाकड्यावर तसाच. टपरीवाले मामा आम्हाला बघून बोलतच सुटले. "पावणं, ह्या मानसाला समजवा जरा. सकाळधरनं बसलाय. चा घेत न्हाय, पानी घेत न्हाय. मला वाटलं माज्यावर रुसलाय."

मी म्हणालो, "अरे, तू तरी प्यायचंस."

तो म्हणाला, "तुमी कुठं आलावता?"

मग आम्ही काय करून आलो ते त्याला सांगितलं. तो इतका हसला, की खोकला लागला. त्याने झाकण उघडलं. पाणी गरम झालं होतं, त्याला पत्र्याची चव आली होती. तसं पाणी मला पुन्हा प्यायला मिळणार नाही.

काल दत्ता माझ्याकडे आला होता. तो इथेच बसलाय, मी सांगितलेलं त्याला चालेल. म्हणाला, "फेरी आता बंद करायची." मी म्हणालो, "का?" तर म्हणाला, "नियम हाय न्हवं? शेवटचा यायचाच न्हाय आता. मग झाकण उघडायचं कधी?"

रात्रभर अंकाचं काम करत होतो आणि डोक्यात हेच. पहाटे कामावरून घरी चाललो होतो. समोर पुलावरून कुणीतरी सायकल रेटत चाललं होतं, आणि मला एकदम त्या वळणावरून दिसणारा यासीन आठवला.

दत्ता, आपलं चुकतंय. यासीन मागे राहिलेला नाही. मागे राहिलोत ते आपण. तो नेहमीसारखा आधी पोचलाय. एक हात सीटवर ठेवून उभा आहे आणि खाली आपल्याकडे बघतोय. तहान त्याला लागली आहे. मग त्याला तसाच उभा ठेवून आपण फेरी बंद करायची?

शबानाने ती बाटली आज इथे आणली आहे. सकाळी तिनेच भरली. येत्या रविवारी ती माझ्या खांद्याला असेल. दत्ता, बाळू, तुम्ही या. ज्यांना यायचंय त्यांनी या. मी शेवटी असेन, तेवढं सांभाळून घ्या. वर जोतिबावर आपण झाकण उघडू. पहिला घोट मातीला, त्याच्या नावाने. मग आपण.

आता सगळ्यांनी उठून उभं राहू या. तो वर उभा राहायचा तसं. बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त रस्त्याकडे बघायचं. माझ्यासाठी तो जितका वेळ असा उभा राहिला, तितका आपल्याला जमणार नाही. जमेल तितका राहू.

यासीन, सावकाश येतो.