'देईल' अन् 'देऊ शकेल'

हसू नका गा, मले अजून संताप येऊन राहिला. मी कायदा शिकवतो, म्हणून गाडीच्या विम्याचे नियम सुधारायच्या समितीत मले घेतलं होतं. मी लिहिलं, 'क्लेम नाकारल्यास कंपनी लेखी कारण देईल.' अध्यक्ष म्हणे, "'देऊ शकेल' करा, नाहीतर कंपन्या नाराज होतील." जेवणाची वेळ झाली होती, मी हो म्हटलं.

परवा सक्करदरा चौकात ट्रकनं माझीच कार ठोकली अन् कंपनीनं क्लेम नाकारला. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन ओरडलो, "काहून नाकारला? लेखी द्या!"

काउंटरवरची बाई म्हणे, "सर, नियमात 'देऊ शकेल' आहे. म्हणजे नाही दिलं तरी चालते."

"कोण्या गाढवानं लिहिलं हे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"जाऊ द्या, सर. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाले विचारलं नसंल त्यांनी."