टिनावरून ऐकलेलं कार्टून

—नाई नाई, बोलू नका भैयाजी, आता बोलाचं नाई. तोंडात मापाचा मसाला भरला आहे, बोलले का माप बिघडलं, अन् माप बिघडलं का कवळी बिघडली. नाकानं श्वास घ्या. असे. मळमळते थोडं, साऱ्यायलेच मळमळते. लाळ गळली तं गळू द्या — काजल, रुमाल दे त्यायले. नातीचं लग्न शुक्रवारी, अन् आजोबा बिनदातानं मांडवात बसले तं व्याही काय म्हणतीन, हो नं? आज हे माप लॅबात गेलं तं गुरुवारी दात तुमच्या तोंडात. तुमच्या पोराले, कैलासभाऊले तसं सांगतलं मी.

मघाशी बाहेर बसले होते तवा टीव्हीकडे पाहून हासून राह्यले होते तुमी. लहान पोट्ट्यायसाठी लावून ठेवतो मी ते — दात कसे घासाचे, कीड कशी लागते, सारं कार्टूनात. पोट्टे रडत नाई मंग. तुमाले हासू आलं. मले काय आलं, सांगू? हालू नका. सांगतो नं, मसाला घट्ट व्हाचा आहे अजून.

तुमच्या गावात पहिला टीव्ही तुमच्या घरी, बरोबर? मी बी त्याच गावचा — हो, डोळे मोठे नका करू. रविवारी सकाळी ते हिंदी कार्टून लागे — एक मास्तर अन् त्याचे चेले, कोणी विचारे पाऊस काऊन पडते, कोणी विचारे मोडलेलं हाड जुडते कसं — अन् मास्तर टक् टक् करत येई अन् समजावून सांगे. गावातले पोट्टे तुमच्या ओसरीत. आमच्या वस्तीतले? आमी आंगणाबाहेर, भिंतीपाशी, तिथून टीव्ही नाई, टीव्हीचा उजेड दिसे. पण मी भिंतीपाशी नव्हतोच. मी वर, छपराच्या टिनावर होतो. वांदरायनं तुमच्या अँटिनाचा दांडा वाकवला होता, कोणी धरून उभं राह्यलं तं चित्र, सोडलं का पडद्यावर मुंग्या. तं तुमी म्हटलं, चढवा त्या पोट्ट्याले, हलकं आहे. 'डावीकडे! अबे, जरासं उजवीकडे! हां, आलं, धरून ठेव!' — हे कैलासभाऊ खालून. अन् मी धरून ठेवो. उन्हाळ्यात टीन असा चटके देई का एक पाय वर, मंग दुसरा पाय वर. अन् चित्र? चित्र मी एक दिवस पाह्यलं नाई. नुसता आवाज. टक् टक् ऐकून मले वाटे मास्तर घोडा आहे. मागच्या साली माह्या पोरीनं मोबाईलवर काढून देल्लं, म्हणे बाबा, तुमच्या वेळचं — तं घोडा कुठचा, कासव! काठी टेकत चालणारं कासव! पोरगी हासली, मी बी हासलो, अन् मंग बाथरूमात जाऊन रडलो. एवढा डॉक्टर झालेला माणूस. हे तुमाले काऊन सांगून राह्यलो मी, काय माहीत.

शिकलो बरं का तरी. डोळे नव्हते, कान तं होते. एका रविवारी मास्तर म्हणे, दुधाचे दात पडले तं पुन्हा येतात, त्याच्यानंतरचे पडले तं येत नाई. अन् तोंडाच्या आतलं काई तरी दाखवून राह्यले असतीन, कारण खालचे सारे पोट्टे 'अबे पाह्य, अबे पाह्य' करून राह्यले. मले राहवलं नाई. दांडा सोडला, टिनाच्या कडेवरून खाली वाकलो अन् ओसरीत डोकावून पाह्यलं. काय दिसलं? मुंग्या! दांडा तं मीच सोडला होता!

अन् तुमी उठले. आंगणात आले, मले खाली उतरवलं, अन् एक थापड. एकच. हा समोरचा दात पाहा — इकडे, माह्या तोंडात. हा माहा नाई. नागपूरले शिकत होतो तवा बसवला. तोंड रक्तानं भरलं होतं अन् मले माहीत होतं का हा आता येत नाई, मास्तरनं आत्ताच तं सांगतलं होतं.

पण दाताचं नाई भैयाजी. दाताचा राग कवाच गेला असता. माय धावत आली — अनुसयाबाई, तुमच्या वावरात कापूस वेचे — मले वाटलं, आता ही भांडन तुमच्याशी. तिनं पदरानं माहं तोंड पुसलं अन् तुमच्यापुढं वाकली. 'चुकलं भैयाजी पोट्ट्याचं, उद्या कामाले येऊ द्या.' अन् मले म्हणे, 'चढ बापू. सरलं नाई अजून त्यायचं.' मी चढलो. कार्टून सरेपर्यंत ती खाली उभी होती. तिनं वर पाह्यलं नाई, मी खाली पाह्यलं नाई. ती मरेपर्यंत आमी या गोष्टीवर बोललो नाई. लोक विचारतात, नागपूर सोडून वर्धेपाशी सिंदी मेघेत काऊन दवाखाना टाकला? म्हटलं, आपल्या समुद्रपूरकडचा माणूस दातासाठी वर्धेलेच येते. अन् दात साऱ्यायचेच पडतात. मी वाट पाह्यली.

झालं. आ करा. मोठा आ. वा! काय माप आलं पाहा, हिरडीची रेघ न् रेघ साफ. धर काजल, जपून. चूळ भरा भैयाजी. घाई नाई. आता बोला, आता तुमची पाळी.

—काय म्हटलं? कोणतं पोट्टं, म्हणता? मी, धम्मदीप. अनुसयाबाईचा धम्मदीप. —लय पोट्टे चढवले? माह्या आधी बी, माह्यानंतर बी? —अन् थापड? —असन मारली एखाद्याले, म्हणता? असन...

काजल, ते माप फेक. हो, तेच. चांगलं आलं आहे, मले दिसते, फेक म्हटलं नं. —बिघडलं, भैयाजी. नवं माप पुढच्या सोमवारी. शुक्रवारी लग्न आहे, ऐकलं मी. मांडवात कढी असतेच, कढी प्या. अन् फोटोवाला आला का तोंड मिटून बसजा. —काजल, पुढचा पेशंट.