इथं रुख्मा कोनी नाई

गोंदियाच्या ठेसनावर माझ्या शेजारी एक पोरगी हुंदके देत होती आणि तिचा कोटटोपीवाला नवरा तिलाच दटावत होता, चार लोकांत असं रडू नये म्हणून. तिचा भाऊ तिरोड्याहून आलेला, समोर उभा.

"परवा मायचा जीव अडकून राहिला होता. म्हने, रुख्माले आना. मी पहिल्या गाडीनं आलो, पुरी चाळ पुसली. सारे म्हनत, इथं रुख्मा कोनी नाई."

"अरे, कुमुदिनी म्हनून पुसाचं होतं. शहरात आल्यावर मीच ठेवलं ते नाव."

"आमाले काय मालूम, जवाईबापू? मंग चैतरामची बायको म्हनून पुसलो."

"इथं मले सारे चंद्रकांतबाबू म्हनतात."

"म्हनून खाली हात परत गेलो. काल मायले जाळलं. आज पुन्हा शोधाले आलो, तं बजारात अवचित तुमी दिसले."

"दादा, माय जातानी काय म्हने?"

"काई नाई बाई. दाराकडं पाहत होती."

"कुमुद, चूप राह्य. माह्यं काय चुकलं? रुख्मा, चैतराम, हे नावं आज्या-पंज्याच्या जमान्यातले. शिकल्यासवरल्या लोकाइत शोभतात काय?"

गाडी आली. मला चढायचं होतं, पण आधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबू, उद्या तुह्यी नात कुमुदिनी या नावालेही म्हातारीचं म्हनून हासन. तवा या पोरीले तिची माय आनून देजो."