बडग्याचा परतीचा मार्ग

...आता मला सांगा, पीडा गल्लीबाहेर न्यायची, तर तिचा परतीचा मार्ग काहून विचारता? पण पोलिसांनी विचारला! तुम्हाला सांगतो, तान्ह्या पोळ्याला आमच्या इतवारीच्या गल्लीतून बडग्या निघतो. बांबू-कागदाचा पुतळा. वर्षाची पीडा त्याच्या डोक्यावर घालायची आणि शहराबाहेर नेऊन जाळायचा. यंदा पीडा उघड्या गटाराची. त्यात पडून शेजारच्या प्रयागबाईंचा पाय मोडला. त्यांनी बजावलं, "भाऊजी, हा बडग्या बाहेर गेला नाही, तं माहा दुसराही पाय जाईन!" बडग्या न्यायचा असतो, आणायचा नसतो... एवढंच मी ठाण्यात समजावत होतो.

हवालदार शालिकराम मान वर न करता म्हणाले, "मिरवणूक जिथून सुरू, तिथंच खतम. जाळायची परवानगी नाही."

"साहेब, बडग्या परत आणत नाहीत."

"काहून? त्याले घरदार नाही का?"

लिहून दिला अर्जात परतीचा मार्ग! वाहतूकवाल्यांचा शिक्का घेतला, भोंग्याचा वेगळा घेतला, वीजवाले म्हणाले, तारा खाली आहेत, पुतळ्याचा हात वर आहे... म्हणून हात कापला! मिळाली परवानगी.

निघालो. "गटाराची पीडा घेऊन जाय रे बडग्या!" म्हणून ओरडतोय, पुढे शालिकराम, मागे त्यांची गाडी, आणि गोल फिरून पुन्हा गल्लीच्या तोंडाशी! तिथे प्रयागबाई, कुबडी आडवी धरून.

"आत आणला तं याद राखा!"

"बाई," शालिकराम म्हणाले, "परवान्यात मिरवणूक इथंच संपते."

"तं तुह्या घरी संपव ना गा!"

त्यांना कोण समजावणार? आणि त्यांचं चुकलं कुठे? न्यायचा असतो, आणायचा नसतो! आत घेता येईना, बाहेर नेता येईना. शेवटी गल्लीच्या तोंडाशीच उभा करून सगळे जेवायला गेलो.

सकाळी अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला. "रस्त्यावर सामान कोनाचं हे?" उत्तराची वाट कोण पाहतो... उचलला बडग्या, आणि गेला की हो शहराबाहेर, थेट त्यांच्या गोदामात! ना मार्ग, ना शिक्का! प्रयागबाईंनी गल्लीभर साखर वाटली. गटार तसंच उघडं, पण बाई खूश.

संध्याकाळी नोटीस आली. 'जप्त सामान परत घेऊन जावे.' मी धावत गोदामात. "साहेब, राहू द्या ना इथंच! बडग्या न्यायचा असतो, आणायचा..."

तिथला बाबू मोठ्या मायेनं म्हणाला, "घाबरून काहून राहिले, काका? वापस न्यायले कोनाचीच परवानगी लागत नाही."