आधी आमचं बावखल खणा

मी नंदाखालचा, वाडीवाला. केळी, सोनचाफा, थोडे माड. नोकरी मात्र मुंबईत हिशेबखात्यात केली, त्यामुळे मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय लागली. आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीत बावखल असायचं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं तळं. आमच्या बावखलात मी पोहायला शिकलो, म्हशींच्या सोबतीनं. मग नळ आले, बाबांनी भरणी टाकून ते बुजवलं, सगळ्यांनीच बुजवलं, आणि आता काय सांगू तुम्हाला, पावसाळ्यात पाणी ओटीवर येतं आणि उन्हाळ्यात विहीर मचूळ.

तर गावात ठराव आला, बुजवलेली बावखलं पुन्हा खणायची, त्या जागेवर बांधकाम नाही. आमच्या भरणीवर मुलाचं घर व्हायचं होतं, पाया आखून झालेला. तरी मनातून मला ठराव पटत होता. शेजारच्या आळीतला इनास म्हणाला, मला चालेल रे, पण तुमची माणसं ऐकायची नाहीत. आमची माणसं म्हणत, आपलं काही नाही, इनासच्या आळीतले अडवतील. हवं सगळ्यांनाच, आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. हा हिशेब मला काही केल्या लागेना.

सभेत विचारलं, कोणाला मान्य? एकही हात वर नाही. सगळे माना वळवून एकमेकांचे हात बघतायत, मीही बघतोय. तेवढ्यात आमची ही उठली, चारचौघांत बोलायचं म्हटलं की जिला घाम फुटतो ती, आणि म्हणाली, आधी आमचं खणा. मी खालून पदर ओढतोय, अगं, पोराचं घर? तर सगळ्यांसमोर म्हणते, त्याला वरचा मजला काढू, तुमचं घोरणं ऐकावं लागेल त्याला, एवढंच. सभा हसली. हसता हसता इनासनं हात वर केला, म्हणाला, वहिनी, मग दुसरं आमचं. त्यानंतर हात मोजायची वेळच आली नाही.

मुलगा बरेच दिवस रुसला होता. आता संध्याकाळी तोच खणलेल्या बावखलाच्या काठावर खुर्ची टाकून बसतो.

यंदा बावखल भरलं. विहीर अजून मचूळच आहे. ही रोज सकाळी एक घोट चाखते आणि पेला माझ्यापुढे धरते, बघा, कालच्यापेक्षा बरं ना? मी म्हणतो, तसंच आहे. खोटं मला बोलता येत नाही. पण पेला पुरा संपवतो, आणि मनात म्हणतो, देवा, हिच्या हातनं एक दिवस गोड पाणी पिऊ दे.