सहा मिनिटं चाळीस सेकंद

…नाही, मला एक सांगा, यंत्र बिघडलं यात माझा काय दोष? अग्निशमन दलाच्या दर नव्या बॅचला माझं रेकॉर्डिंग ऐकवतात, पोरं खिदळतात, मी मान खाली घालून उभा राहतो, पंधरा मिनिटांत मोकळा. आज नेमकं यंत्र बंद, तर साहेब म्हणतात कसे… साहेबांचा आवाज जरा नाकातून येतो, तसाच ऐका… "यंत्र बंद असलं म्हणून काय झालं, माणूस चालू आहे ना? तुम्हीच बोलून दाखवा." म्हणजे बघा, आपली अब्रू आपल्याच तोंडाने काढायची, तीही सकाळी साडेदहाला, चाळीस जणांसमोर, ज्यांच्या गणवेशाची अजून इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही! असो. थोडक्यात सांगतो.

हा टेबलावर ठेवलाय तो वायरलेस. आपल्यात सेट म्हणतात. बाजूला हे काळं बटण. दाबलं की तुम्ही बोलणार, सोडलं की ऐकणार, दोन्ही एकदम नाही. दुसरा कोणी लाइनवर आला की हा हिरवा दिवा लागतो. आणि एकाने दाबलं की त्या लाइनवरचे बाकी सगळे मुके. अरुंद बोळ समजा, एक जण आडवा झोपला की संपलं, ना कोणी आत ना कोणी बाहेर. म्हणून नियम काय? आधी ऐका, मग दाबा, थोडकं बोला, आणि सोडा. घ्या लिहून. मला हा नियम पंचवीस वर्षं पाठ आहे, तुम्हाला सांगतो, झोपेतून उठवून विचारा. पाठ तर मला बायकोचा वाढदिवसही आहे, दरवर्षी विसरतो तो भाग वेगळा.

तर मी पंपावर. पंपावर म्हणजे आगीत जाणारे शूर वेगळे, आपण गाडीपाशी. ते पाइप ओढत आत जातात, कोरडा पाइप, कारण पाण्याने भरलेला पाइप जिन्यावरून ओढून बघा म्हणजे आपल्याला कंबर आहे हे कळेल. वर जागेवर पोचले की सेटवर दोन शब्द सांगणार, "पाणी सोडा." मी इथे चाक फिरवणार. झालं माझं काम. अख्ख्या पाळीत दोन शब्द ऐकायचे. तुम्ही म्हणाल, एवढंही जमलं नाही या माणसाला? थांबा की जरा! दोष माझा नाहीच मुळी, दोष क्लिपचा आहे.

सेट बेल्टला अडकवायची क्लिप असते. माझी तुटली. भांडारवाल्याकडे गेलो, म्हणाला, "अर्ज द्या." अर्ज दिला, म्हणाला, "हा जुना नमुना आहे, नव्या नमुन्यात द्या." नव्या नमुन्यात दिला, म्हणाला, "तुटलेली क्लिप जमा करा." अरे, ती पडली कुठल्या तरी राखेत, ती कुठून आणू? तर म्हणतो, "मग ती तुटली कशावरून?" आता याला काय उत्तर आहे? सहा महिने, तुम्हाला सांगतो, सहा महिने मी तो सेट कडेवरच्या पोरासारखा वागवला. बसलो की शेजारी ठेवायचा, नाहीतर मांडीखाली सरकवायचा म्हणजे पडत नाही. मांडीखाली. हे लक्षात ठेवा. थोडक्यात सांगतो म्हटलं ना, सांगतोय.

आता ते शेवटच्या खुर्चीवर बसलेत, गळ्याला रुमाल, मांडीवर सेट… अहो, सगळ्यांनी एकदम माना वळवू नका, बरं दिसतं का ते? तो माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच केंद्रात होता, पाइपाचं तोंड धरून सगळ्यात पुढे जाणारा. "दाजी, घराची सोय होईपर्यंत आठ दिवस राहतो" म्हणून आमच्याकडे आला आणि तीन वर्षं हॉलमध्ये मुक्काम ठोकला. राहण्याचं मला काही नाही. पण बोलायचा! उठल्यापासून जी टकळी सुरू, ती निजेपर्यंत. मी बातम्या लावल्या की बातमीच्या आधी याचं मत. मी आंघोळीला गेलो की दाराबाहेरून, "दाजी, ऐकताय ना?" ऐकतोय बाबा, कुठे जाऊ, अंगाला साबण आहे! आणि हाच माणूस सेटवर आला की दोन शब्द. तीन नाही. साहेब त्याचं उदाहरण द्यायचे, "शिस्त शिका याच्याकडून." मला, त्याच्या सख्ख्या दाजीला, चारचौघांत. लागतं हो मनाला.

आणि माझी बायको कंट्रोल रूमला. लोकांचे फोन ती घेणार, गाड्या ती काढणार, अँब्युलन्स ती पाठवणार, कुठे वळा, कुठे थांबा ती सांगणार. म्हणजे घरात तिचं ऐकायचं आणि ड्यूटीवरही तिचंच. अशी ही घरची मंडळी. या तिघांत चूक कोणाची निघणार, तुम्हीच सांगा?

तर त्या दिवशी गाद्यांचा कारखाना पेटला. दुपारचे सव्वादोन. फोम, कापूस, नुसता काळा धूर. गाडी पुढच्या गल्लीत, जिना मागच्या अंगाला, म्हणजे मला काही दिसत नव्हतं हे लिहून घ्या. दुसऱ्या मजल्यावर एक शिवणारी बाई अडकली म्हणून ओरडा झाला, तर मेहुणा आणि त्याचा जोडीदार कोरडा पाइप ओढत वर गेले. साहेब बाजूच्या फाटकात. आणि मी गाडीच्या पायरीवर बसलो, दोन शब्दांची वाट बघत. सेट कुठे? बरोबर. मांडीखाली. बटण कुठल्या बाजूला आलं ते मी बघितलं नाही. शेजारी आमचा ड्रायव्हर संत्रं सोलत होता, म्हणाला, "काय, घरी कसं काय?" आता मला सांगा, माणसाला असं विचारावं का? काही वेळकाळ?

सुरू झालो. मेहुण्यापासूनच सुरू झालो. म्हटलं, कसला शूर अन् कसलं काय, घरात प्यालेला कप उचलून ठेवत नाही, धूर दिसला की फोटोपुरता पुढे आणि खरं काम आलं की जोडीदाराला ढकलणार, भित्रा आहे, मी ओळखतो त्याला. मग साहेबांवर आलो. म्हटलं, मिशी रंगवतात ती घामाने ओघळते, परवा आगीत गेले तेव्हा शर्टावर काजळी कुठली आणि मिशी कुठली ते ओळखू येईना. ड्रायव्हर हसून हसून संत्र्यावर पडला. आणि माझ्या मांडीखालून हे सगळं चारही केंद्रांत, सगळ्या गाड्यांत, अँब्युलन्समध्ये आणि वर धुरात असलेल्या मेहुण्याच्या कानात चाललंय. अगदी स्वच्छ! आवाज माझा चांगला आहे, हे तुम्हालाही आत्तापर्यंत कळलं असेल.

मध्ये एकदा माझ्या मनात आलं बरं का, की सेट बराच वेळ गप्प आहे. रेकॉर्डिंगमध्ये आहे ते वाक्य. मी ड्रायव्हरला म्हणतो, "सेट गप्प आहे म्हणजे वर सगळं ठीक चाललंय." पोरं या वाक्याला सगळ्यात जास्त हसतात. तुम्ही नाही हसलात. यंत्राला जमतं ते मला जमत नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. बायको. आता तीन वर्षं असल्या घरात काढल्यावर ड्यूटीवर बायकोचा फोन आला तर माणसाला काय वाटणार? कापला. परत आला. कापला. ड्रायव्हरला म्हटलं, "बघ, आली कटकट, भावाला काहीतरी हवं असेल." तिसऱ्यांदा आला तेव्हा फोनच बंद केला. तिला भावासाठीच हवं होतं. पाणी. सेटवर तिला बोलता येईना, बोळात मी आडवा. अँब्युलन्सवाला चौकात उभा, उजवीकडे का डावीकडे विचारतोय, त्याला उत्तर म्हणून साहेबांची मिशी ऐकू येतेय. तिचा एक सहकारी त्याला मोबाइलवर रस्ता सांगत होता, आणि ही कारखान्याच्या आजूबाजूच्या दुकानांत फोन लावत सुटली होती, की कोणीतरी गल्लीत जा आणि त्या गाडीवरच्या माणसाला उठवा हो, उठवा. एका चपलांच्या दुकानदाराने विचारलं म्हणे, "कुठला माणूस?" ती म्हणाली, "जो बोलतोय तो."

आणि चौथ्या मिनिटाला मी ते म्हणालो. ते मी दर बॅचला ऐकलंय, पाठ आहे. "एकदाचा अडकू दे कुठेतरी आत. आठ दिवस तरी घर शांत होईल."

थट्टेत म्हणालो हो. घरोघरी बोलतात लोक असं. तुमच्यात कोणी मेहुण्याला कधी काही म्हणालं नाही?

त्याने वरून किती वेळा पाणी मागितलं ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. कसं असणार? लाइनवर मीच होतो. जोडीदार सांगतो, अकरा वेळा. जोडीदार शेवटी जिन्यावरून गडगडत खाली आला, पाय मुरगळला, तसाच लंगडत साहेबांकडे निघाला. साहेब तोवर माझ्याच दिशेने पळत निघाले होते, इतकं वय, इतकं पोट, गल्लीच्या टोकापासून पळत आले, धाप लागलेली, मिशी खरंच ओघळलेली, माझ्यासमोर उभे राहिले आणि एकच शब्द निघाला तोंडातून, "पाणी!"

मी बाटली पुढे केली.

हसा, हसा. इथे हसतातच सगळे. मलाही पहिल्या दोन-तीन बॅचना हसू आलं होतं.

बाटली उडाली, मी उडालो, मांडीखालचा सेट मोकळा झाला आणि त्यातून एकदम सगळ्यांचे आवाज फुटले, सगळे एकदम, अँब्युलन्सवाला, चारही केंद्रं, माझी बायको. एक आवाज त्यात नव्हता. मी चाक फिरवलं. घड्याळ लावून बघितलंय त्यांनी, मांडी ठेवल्यापासून उचलेपर्यंत सहा मिनिटं चाळीस सेकंद.

मेहुणा खाली आला तो आपल्या पायांनी. खांद्यावर ती शिवणारी बाई, आणि त्याचा श्वासाचा मुखवटा तिच्या तोंडावर. तिला संडासातून बाहेर काढली होती. पाणी नाही, मागे फिर असं जोडीदार त्याला ओरडून सांगत होता, तर हा फिरला नाही. भित्रा! बाईला खरचटलंसुद्धा नाही. याचा गळा आतून भाजला. डॉक्टर बायकोला म्हणाले, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक पाडलंय, त्यातून श्वास घेतो, म्हणून तो रुमाल. मी आठ दिवस मागितले होते. मिळाले किती बघा.

चौकशी झाली. मला पंपावरून काढलं आणि ही शिक्षा दिली, प्रत्येक नव्या बॅचसमोर उभं राहायचं. आणि क्लिप? क्लिप दुसऱ्याच दिवशी आली! माणूस घरी येऊन देऊन गेला. सही नाही, नमुना नाही. ही बघा, लावलीय बेल्टला. आता ड्यूटीचा सेटच नाही अडकवायला.

संपतच आलंय, थोडक्यात सांगतो. आता घर शांत आहे. मी बातम्या लावतो, पूर्ण ऐकू येतात. त्या बाईने स्वतः शिवून एक गादी दिली, मेहुणा हॉलमध्ये त्या गादीवर बसून असतो, माझ्यासमोर. कप मात्र उचलून ठेवतो हल्ली, तो खाली ठेवल्याचा आवाज येतो तेवढाच. बायको माझ्याशी बोलते कंट्रोल रूमसारखी, "जेवण तयार. ओव्हर." तिने केंद्रातून दोन जुने सेट आणले, एक त्याला, एक मला. बोलता न येणाऱ्याने बटण टिचकवायचं असतं, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, हेही लिहून घ्या, कधीतरी लागेल. "आमटी वाढू?" टक. "भात?" टक, टक. घर चाललंय.

मग एकदा धीर केला. बायको स्वयंपाकघरात होती. मी सेट हातात घेतला, तो समोरच होता तरी सेटवरच बोललो, तोंडावर बोलवेना. म्हटलं, "माझं चुकलं. क्लिपचं नाही, माझं. मला माफ केलंस का? एकदा की दोनदा, काय ते सांग." आणि सोडलं बटण, नियमाप्रमाणे.

त्याने दाबलं. आणि धरूनच ठेवलं.

मी वाट बघतोय टक कधी होतं याची. होईना. माझ्या सेटमधून नुसता त्याचा श्वास, त्या भोकातून येणारा. मी काही बोलायला बटण दाबावं तर लाइन त्याच्याकडे. बायको दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक, नजर घड्याळावर. सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी त्याने सोडलं, सेट खाली ठेवला आणि जेवायला बसला. ना हो, ना नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. परत तेच. एक सेकंद इकडेतिकडे नाही, शिस्तीचा माणूस. आता मी विचारत नाही, तरी दाबतो. दर बॅचला साहेबांच्या परवानगीने येतो आणि माझं रेकॉर्डिंग संपत आलं की…

बघा. लागला टेबलावरचा हिरवा दिवा.

वह्या मिटा. कोणी उठू नका, बोलू नका, लाइनवर माणूस आहे. मीही गप्प बसतो, आधी ऐका हा नियमच आहे. चहा सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी मिळेल, गार असतो, पण मिळतो.